वारा सरेपर्यंत

नंदाबाईंचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. आतड्याला पीळ पडला होता. तेवढा भाग डॉक्टर मुकुल यांनी काढून टाकला, उरलेली टोकं जोडली आणि बाहेर येऊन सांगितलं, "आमचं काम झालं. आता पोटानं त्याचं काम सुरू केलं पाहिजे." आदिनाथने मान डोलावली. एवढं साधं वाक्य पुढे आपल्या अब्रूवर येणार आहे, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही.

आदिनाथ हा नंदाबाईंचा जावई. एकुलत्या एका लेकीचा नवरा, त्यामुळे टेंभुर्णीच्या त्या घरात त्याचं स्थान देवघरातल्या देवांच्या जरासं खाली आणि सासरे काकासाहेब यांच्या पुष्कळ वर होतं. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत तो माल रवाना करायचं काम बघायचा. तिथे त्याला हमालापासून मॅनेजरपर्यंत कोणीही बोलून जायचं. टेंभुर्णीत मात्र त्याने आजवर पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने भरला नव्हता. नंदाबाई त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. त्याला काही सांगायचं असलं तर त्या भिंतीला सांगत, आणि आदिनाथही भिंतीकडे बघूनच उत्तर देई. सासू-जावयाचं हे नातं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं, कारण दोघांवर एकमेकांशी बोलायची वेळच कधी आली नव्हती.

जालन्याच्या दवाखान्यात खरं तर त्याची बायको शीतल राहणार होती. तिने शाळेतून रजा काढली होती, पिशवी भरली होती, आईच्या उशाशी ठेवायला देवाचा फोटोसुद्धा घेतला होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गरम पाणी आणायला थर्मास घेऊन जिना उतरायला गेली आणि जिना नुकताच पुसलेला होता. थर्मास वाचला. शीतलच्या पायाला मात्र गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. लिफ्ट नेमकी बंद, त्यामुळे आई वरच्या मजल्यावर आणि लेक खालच्या, असा थोडा वेळ प्रकार झाला. मग लेकीला घरी पाठवलं.

तिच्या जागी काकासाहेब थांबले. थांबले म्हणजे खुर्चीत बसले, बायकोच्या नाकात नळी बघितली आणि खुर्चीसकट आडवे झाले. मीना सिस्टरने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, पाय वर केले आणि आदिनाथला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्याकडं एका खोलीत एकच पेशंट राहतो. यांना घरी पाठवा." काकासाहेबांनी जास्त वाद घातला नाही. टेंभुर्णीत त्यांच्या म्हशी खोळंबल्या होत्या.

उरला जावई.

त्यातही सुरुवातीलाच पासचं प्रकरण उपटलं. पेशंटजवळ एकाच माणसाने थांबायचं आणि त्याच्या गळ्यात पास पाहिजे, असा नियम होता. पास निघालेला शीतलच्या नावाने. वॉचमनने आदिनाथला जिन्याशीच अडवलं, पास उलटासुलटा करून वाचला आणि शांतपणे विचारलं, "शीतल तुम्हीच का?"

आदिनाथ काउंटरवर गेला. तिथल्या मुलीने सांगितलं की जुना पास ज्याचा त्यानेच आणून द्यावा लागतो.

"ती येऊ शकत नाही. तिच्या पायाला प्लास्टर आहे."

"मंग बरं वाटल्यावर येऊ द्या त्यांना."

"तोपर्यंत पेशंट घरी जाईल."

"मंग तर पासची गरजच न्हाई, सर."

ऑफिसात आदिनाथने अडलेले ट्रक सोडवले होते, पण या मुलीचं म्हणणं त्याला कुठूनच खोडता येईना. अखेर कुणाला तरी दया आली आणि नवा पास करायचं ठरलं. मुलीने कॉम्प्युटरवर नातं शोधायला सुरुवात केली. मुलगा होता, मुलगी होती, पती, पत्नी, भाऊ, बहीण, सून सगळे होते. जावई नव्हता.

"जावई कोणी थांबतच न्हाई ना," ती म्हणाली. "येतेत, शहाळं ठेवतेत अन् जातेत." मग तिने थोडा विचार केला आणि त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते निवडलं. तेव्हापासून आदिनाथच्या छातीवर फोटोखाली 'नाते : सून' असं झळकू लागलं. वॉचमनने ते वाचलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त दुसऱ्या वॉचमनला हाक मारली, "जाऊ द्या यांना. सून हायेत."

डॉक्टर मुकुल तरुण होते आणि मोजकंच बोलत. सकाळ-संध्याकाळ येत, पोटावर हात ठेवत, स्टेथोस्कोप लावत आणि एकच प्रश्न विचारत, "गॅस पास झाला का?" प्रश्न नंदाबाईंना असायचा. पण प्रश्न येताच नंदाबाई पदर ओढून भिंतीकडे तोंड करत, आणि मग तो प्रश्न खोलीत जरा वेळ फिरून आदिनाथच्या अंगावर येऊन बसे.

"अजून नाही," आदिनाथ सांगे. ऑफिसात 'गाडी अजून निघाली नाही' हे तो ज्या आवाजात सांगायचा, अगदी त्याच आवाजात.

मोठ्या ऑपरेशननंतर आतडी रुसून बसतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. रुसवा गेल्याची एकच खात्रीची खूण, ती म्हणजे वारा सरणं. वारा सरला की नाकातली नळी निघणार, पाणी मिळणार, मग चहा, मग पेज. तोवर तोंडात थेंब नाही. म्हणजे सगळ्या गोष्टींची चावी त्या एका घटनेत होती आणि त्या घटनेची चौकशी जावयाने करायची होती.

मराठी भाषा फार समृद्ध आहे असं आदिनाथने शाळेत ऐकलं होतं. सासूला विचारता येईल असा एक शब्द काही त्याला तिच्यात सापडला नाही. बराच विचार करून त्याने खिडकीकडे बघत सुरुवात केली.

"मामी, मोकळं वाटतंय का?"

नंदाबाई भिंतीला म्हणाल्या, "खिडकी उघडाया सांगा मंग."

त्याने खिडकी उघडली. जरा वेळाने पुन्हा धीर केला. "मामी, वारं कसं काय?"

"गार हाय. पौषातलं वारं गारच राहणार."

त्याने खिडकी लावली.

मग त्याने हे काम मीना सिस्टरवर सोपवलं. मीना सिस्टर कामाला वाघीण होती. सुई टोचलेली कळायची नाही इतका हात हलका. तेवढा आवाज हलका नव्हता. कॉरिडॉरच्या एका टोकाला ती कुजबुजली की दुसऱ्या टोकाचे पेशंट कूस बदलत. सात नंबरच्या खोलीतले एक म्हातारे बाबा असेच पोट कापून पडले होते. एका सकाळी मीना सिस्टर दारात आली आणि तिने सगळ्या मजल्याला कळवलं, "डॉक्टर, सात नंबरचा गॅस पास झाला." सात नंबरच्या नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या थोरल्याने लगोलग पेढे आणून खोल्याखोल्यांतून वाटले. आदिनाथलाही एक मिळाला. तो पेढा हातात धरून त्याने नंदाबाईंना कौतुकाने सांगितलं, "सात नंबरच्या बाबांचं झालं, मामी. त्याचा पेढा आहे." नंदाबाईंनी पेढ्याकडे बघितलं आणि पदर थेट नाकातल्या नळीपर्यंत ओढला. आपण त्यांना धीर दिला, असं आदिनाथला वाटलं.

त्यानंतर मीना सिस्टरने विचारलं तरी नंदाबाई मानेनेच नाही म्हणत. शीतलने फोनवर विचारलं तरी "न्हाई बाई" एवढंच.

काकासाहेबांचा फोन दिवसभर येत राही. टेंभुर्णीत त्यांची बैठक बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात असायची आणि फोन कायम स्पीकरवर असायचा, कारण कानाला लावला की त्यांना कान गरम झाल्यासारखा वाटे.

"झालं का, जावईबापू?"

"अजून नाही, मामा."

"न्हाई म्हणतेत," मागून कुणीतरी बाकीच्यांना सांगे. मग सल्ले सुरू होत. बेंबीत हिंग भरा. पोटावर एरंडाचं पान शेकून बांधा. ओवा चावून त्याची वाफ तोंडावर सोडा. एकाने तर ठामपणे सांगितलं की पेशंटला ट्रॅक्टरवर बसवून टेंभुर्णीच्या रस्त्याने एक चक्कर मारा, बिलकुल गॅरंटी.

"मामा, स्पीकर बंद करा," आदिनाथ कळवळून म्हणाला.

"बंदच हाय."

"हाव, बंदच हाय," मागून तिघा-चौघांनी दुजोरा दिला.

पेशंटला चालवा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. म्हणून सकाळ-संध्याकाळ कॉरिडॉरमध्ये एक मिरवणूक निघे. पुढे सलाइनचा स्टँड घेऊन आदिनाथ, राजाच्या दरबारातल्या चोपदारासारखा, आणि मागे डोक्यावर पदर घेतलेल्या नंदाबाई, बाजूला आयाबाईचा हात धरून. स्टँडचं एक चाक कुरकुरत असे. सात नंबरचे बाबा आता दारात खुर्ची टाकून चहा पीत बसलेले असत. त्यांच्यासमोरून जाताना नंदाबाई इतक्या वेगाने चालत की सलाइनची नळी ताणली जाई आणि चोपदाराला पळावं लागे.

यापेक्षा मोठं संकट होतं ते डब्यांचं. पेशंटला काही द्यायचं नाही, हे सगळ्यांना सांगून झालं होतं. पण दवाखान्यात माणूस आहे आणि डबा पाठवायचा नाही, हे कुणाच्या मनाला पटेना. टेंभुर्णीहून येणाऱ्या जीपवाल्याबरोबर बाजरीच्या भाकरी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मुळे येत. शेजारच्या शरयूकाकू वरणफळं पाठवत. शीतलच्या शाळेतल्या बाईंनी धपाटे दिले. कुणीतरी हुरडा आणला. हे सगळं नंदाबाईंच्या डोळ्यांसमोर टेबलावर मांडलं जाई.

आणि इथे एक गोष्ट आदिनाथच्या लक्षात आली. दवाखान्यात नंदाबाईंच्या हातून सगळं गेलं होतं. घर गेलं, म्हशी गेल्या, स्वतःचं जेवणसुद्धा गेलं. एवढी एकच गोष्ट उरली होती, की समोर जावई आहे आणि त्याला वाढायचं आहे. नाकात नळी, हातात सुई, तशात त्या भिंतीला सांगत, "अजून एक भाकर घ्या म्हणावं. एकानं काय होतंय." तो नाही म्हणाला की त्यांचा चेहरा इतका पडे की आदिनाथ मुकाट्याने भाकरी घेई. त्याने घेतली की त्यांना जरा बरं वाटे. मग त्या म्हणत, "मुळा तसाच राह्यला." आदिनाथ मुळा खाई.

अशा रीतीने उपाशी बाईचं पोट सपाट होत गेलं आणि धडधाकट माणसाचं फुगत गेलं. आदिनाथने पँटचं बटण सोडून वर शर्ट बाहेर काढला. 'नाते : सून' हा पास आता छातीवर न राहता पोटावर येऊन टेकला होता.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर मुकुल यांनी पोट तपासून झाल्यावर आदिनाथला बाहेर बोलावलं.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले. "पोट मऊ आहे. आतड्यांचे आवाज छान येतायत. ताप नाही. एव्हाना गॅस जायला पाहिजे होता. नसेल जात, तर जोडाच्या जागी काहीतरी अडकलं असेल. संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर सीटी स्कॅन करू. आणि त्यात तसं काही दिसलं तर पुन्हा उघडावं लागेल. वेळ पडली तर संभाजीनगरला हलवू. मनाची तयारी ठेवा."

आदिनाथने मान डोलावली आणि भिंतीला टेकला. पुन्हा उघडायचं, म्हणजे काय हे त्याला नीट कळत होतं. पहिल्या वेळीच मामींनी कसं तरी निभावलं होतं. त्याने शीतलला फोन केला. ती आधी रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आईला काही सांगू नको. घाबरंल ती. तू तिथंच राहा." तो तिथेच राहणार होता. दुसरीकडे कुठे जाणार होता.

तो खोलीत आला तेव्हा नंदाबाईंचा डोळा लागला होता. पदर डोक्यावरून घसरला होता. त्यांचे केस इतके पांढरे झालेत, हे आदिनाथला माहीत नव्हतं. ओठ सुकले होते. त्याला एकाएकी वाटलं, या बाईंना काय आवडतं खायला, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. त्या नेहमी आपल्या मागून जेवल्या. आपण हात धुऊन लोडाला टेकलो की त्या चुलीपाशी काय जेवत होत्या, कोण जाणे. त्याने कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि सिस्टर करायची तसा त्यांच्या ओठांवरून फिरवला. नंदाबाई जाग्या झाल्या, त्यांनी बघितलं आणि घाईघाईने पदर ओढला. पण तोंड भिंतीकडे वळवायचं विसरल्या.

दुपारी भेटायच्या वेळेला मार्तंडकाका आले. मार्तंडकाका म्हणजे शेजारच्या शरयूकाकूंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी योगाचा ध्यास घेतला होता आणि कॉलनीतल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एक आसन होतं. त्यांनी नंदाबाईंना नमस्कार केला, शरयूकाकूंनी दिलेला छोले-पुरीचा डबा टेबलावर ठेवला, आणि खुर्ची ओढून विषयाला हात घातला.

"हा साधा प्रवाहाचा प्रश्न आहे. पाणी काय आणि वायू काय, कालव्यात अडकला की मागून दाब द्यायचा. पवनमुक्तासन. नावातच सगळं आलं."

"काका, त्यांचं पोट शिवलेलं आहे," आदिनाथ म्हणाला.

"त्यांनी करायचंच नाहीये. त्यांनी फक्त बघायचं आणि मनात करायचं. मन आणि पोट यांचा फार जवळचा संबंध आहे. करून तुम्ही दाखवायचं."

आदिनाथने नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात नंदाबाई भिंतीला म्हणाल्या, "आधी जेवून घ्या म्हणावं. पुऱ्या गार व्हतील."

पुऱ्या गार झाल्या नाहीत. त्या होत्या तेवढ्या आदिनाथने संपवल्या, छोल्यांसकट, कारण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं आणि संध्याकाळ जवळ येत होती. अशा वेळी माणूस हाताला येईल ते करतो. हिंग म्हटलं असतं तर त्याने हिंग आणला असता, ट्रॅक्टर म्हटलं असतं तर ट्रॅक्टर. मार्तंडकाका आसन म्हणत होते. तो पेशंटच्या नातेवाइकासाठी ठेवलेल्या अरुंद बाकड्यावर आडवा झाला.

"उजवा गुडघा छातीकडे," मार्तंडकाका उभे राहून सांगू लागले. "आता डावा. दोन्ही हातांची मिठी. अजून जवळ. नंदाबाई, तुम्ही बघताय ना? मनात करा. हां, आता डोकं उचला आणि हनुवटी गुडघ्याला."

आदिनाथने डोकं उचललं. हनुवटी गुडघ्याला लागायला फार थोडं अंतर उरलं होतं. ते अंतर कापायला त्याने जोर लावला.

झालं ते सांगायलाच पाहिजे. जालना स्टेशनात मालगाडी थांबते तेव्हा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकेक डबा पुढच्यावर आदळत जातो, आणि आता संपलं असं वाटतं तेव्हा लांबून आणखी एक आवाज येतो. तसंच अगदी झालं. भाकरी, मुळा, हरभरा, हुरडा आणि छोले यांनी आपापली हजेरी लावली.

मग बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरलेलं ऐकू आलं. आदिनाथ गुडघ्यांना मिठी मारून तसाच पडून राहिला. उठलं तर कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागणार होतं. टेंभुर्णीचा एकुलता एक जावई, ज्याच्यासमोर घरातली मांजरसुद्धा जपून चालायची, तो आता जमिनीत जागा शोधत होता, आणि दवाखान्याची फरशी पक्की होती.

मार्तंडकाका खाकरले. "आसन बरोबर जमलं," ते म्हणाले.

तेवढ्यात पलंगाकडून एक विचित्र आवाज आला. आदिनाथने घाबरून मान वळवली. नंदाबाई दोन्ही हातांनी उशी पोटावर दाबून हलत होत्या. खोकला आला तर टाके ताणू नयेत म्हणून सिस्टरने त्यांना उशी दाबायला शिकवलं होतं. पण हा खोकला नव्हता. त्या हसत होत्या. पदर पार खांद्यावर गेला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातली नळी थरथरत होती.

"मामी, टाके," आदिनाथ ताडकन उठला.

"अवो, थांबा," नंदाबाई म्हणाल्या, आणि हे त्या भिंतीला म्हणाल्या नाहीत. "थांबा जरा. दुखून राह्यलं. हसू आवरंना." पुन्हा उशी दाबली, पुन्हा हलल्या. मग मोठा श्वास घेऊन थेट त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आता तुमचंच असं झालं म्हणल्यावर मी कशाला लपवू. मला तर परवाच्यानं होऊन राह्यलं."

आदिनाथला आधी कळलंच नाही. "काय होऊन राह्यलं?"

"तेच की. तुमच्या त्या डॉक्टरचं."

"परवापासून?"

"हाव. चांगलं बराबर होऊन राह्यलं. तुम्ही दात घासायला गेलते ना, तव्हा पहिल्यांदा झालं."

आदिनाथ बाकड्यावर मटकन बसला. ओरडावं, रडावं की नाचावं, हे त्याला ठरवता येईना. "अहो मामी, मग सांगितलं काहून नाही? सिस्टर विचारून राह्यली, शीतल विचारून राह्यली."

"कशी सांगू? त्या बाईनं सात नंबरवाल्याचं गावभर केलं. वरून पेढे वाटले. त्या पेढ्यानं माझा जीवच गेला." नंदाबाई पुन्हा हसू लागल्या. "शीतलला सांगितलं की ती तिच्या बापाला, आबाला सांगणार. आबाचा फोन हॉटेलात बोंबलणार. साऱ्या टेंभुर्णीला कळलं असतं. अन् तुम्ही हितं बसलेले, बाकड्यावर, जावई माणूस. उपाशी राह्यलेलं बरं, म्हणलं. आज न् उद्या सोडतीलच घरी."

त्यांना सीटीचं सांगितलेलं नव्हतं, संभाजीनगरचंही नव्हतं. आदिनाथने आता ते सांगितलं. ऐकता ऐकता नंदाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पदर सावरला, पण डोक्यावर घेतला नाही.

"पुन्यांदा फाडणार व्हते?"

"संध्याकाळी ठरणार होतं."

"एवढ्यासाठी?" त्यांनी उशी बाजूला ठेवली. "मंग तुमचे लई उपकार झाले, बापू."

"आसनाचे," मार्तंडकाकांनी दुरुस्ती केली.

मग सगळं भराभर झालं. मीना सिस्टर आली, तिने ऐकलं आणि दारात जाऊन करायचं ते केलंच. पण या वेळी नंदाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं नाही. उलट सात नंबरच्या बाबांनी दारात येऊन हात जोडले तेव्हा त्यांनीही हात जोडले. डॉक्टर मुकुल आले. त्यांनी नेहमीप्रमाणे पोटावर हात ठेवला आणि प्रश्न विचारला. नंदाबाईंनी स्वतः उत्तर दिलं, "झाला. लई येळा झाला." डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. हसू दाबायला त्यांना स्टेथोस्कोप पुन्हा कानात घालावा लागला.

"तुम्ही आधी बोलला असतात तर परवाच चहा मिळाला असता, आजी."

"जावयाम्होरं?" नंदाबाई म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे कसं कळत नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

नळी निघाली. आधी घोटघोट पाणी मिळालं. ते पोटाने ठेवून घेतलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची परवानगी मिळाली.

त्याआधी आदिनाथने जिन्यात जाऊन दोन फोन केले होते. शीतल ऐकून इतकी हसली की तिचं प्लास्टर टेबलावर आपटलं. दुसरा फोन काकासाहेबांना. पलीकडे हॉटेलात गर्दी होती, रेंज येत-जात होती. आदिनाथने जेवढं पोचेल तेवढंच सांगितलं, "मामा, झालं. सगळं व्यवस्थित."

"झालं?" काकासाहेबांचा आवाज चिरकला. नाकातली नळी बघून खुर्चीसकट पडणारे काकासाहेब भर हॉटेलात डोळे पुसत होते, हे आदिनाथला नंतर कळलं. त्या वेळी त्याला एवढंच ऐकू आलं, "जिलबी काढ रे. साऱ्यायला वाट. आमचं झालं, दवाखान्यात."

आता हॉटेलात बसलेल्यांना सगळं ठाऊक होतं. पण जिलबी हॉटेलाबाहेर गेली, बसस्टँडवर गेली, जीपमध्ये बसली. एकुलती लेक जालन्याला, ती दवाखान्यात जाऊन आलेली, जावई तिथेच मुक्कामाला, आणि आजोबा जिलबी वाटतायत. लोकांनी आपापल्या परीने हिशेब लावला. ती बातमी जाफराबाद तालुका ओलांडून, जालना ओलांडून, थेट गोदावरीच्या बाजूला आदिनाथच्या गावाला, घनसावंगीला जाऊन पोचली.

सकाळी नंदाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. बशीतला चहा त्या इतका सावकाश पीत होत्या की बघणाऱ्याला वाटावं, हा चहा कुणी तरी त्यांच्यासाठी खास समुद्रापलीकडून आणला आहे. आदिनाथ बाजूला बसून त्यांना विचारत होता, घरी गेल्यावर पहिलं काय खाणार. त्या म्हणाल्या, "तिखटाची पुरी. मला लई आवडती. कोणाला ठावं न्हाई."

तेवढ्यात आदिनाथचा फोन वाजला. घनसावंगीचे चुलते अण्णासाहेब. अण्णासाहेबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते इतक्या मोठ्याने बोलत की फोनला स्पीकरची गरज नसे.

"आदिनाथ, लेका, कळलं बरं मला. टेंभुर्णीवाल्यांनी जिलबी वाटली अन् आपल्या माणसायला पत्ता न्हाई. झालं म्हणं?"

"हो, अण्णा, पण तसं नाही."

"नॉर्मल झालं का सीझर?"

आदिनाथने डोळे मिटले. "अण्णा, तुमचा गैरसमज झालाय. मामींचं पोटाचं..."

"पोटाचंच की. त्यात लाजायचं काय. बरं, तब्येत कशी हाय? आवाज चांगला हाय ना?"

"अण्णा, ऐका तर."

"अन् कोणावर गेलंय?"

नंदाबाईंनी बशी खाली ठेवली. एका हाताने उशी पोटावर घट्ट धरली, आणि फोनपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सांगा की त्यायला, जावईबापूंवरच गेलंय म्हणून. मी सोताच्या कानानं ऐकलंय."